मागणीपत्र : दर्यावरची सेवा जमिनीवर मोजली जावी

प्रति,
नौवहन महासंचालक, मुंबई
सचिव, कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग, महाराष्ट्र शासन
जिल्हाधिकारी, ठाणे
महानगर आयुक्त, एमएमआरडीए
आयुक्त, भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका
आणि भिवंडी तालुक्यातील गोदाममालक व लॉजिस्टिक कंपन्या

विषय : जहाजावरची नोकरी सोडून किनाऱ्यावर कामाला लागू पाहणाऱ्या भिवंडी परिसरातील जहाजींच्या मागण्या.

महोदय,

भिवंडी म्हटलं की लोकांना आधी माग आठवतात, मग गोदामं. जहाज कुणालाच आठवत नाही. वास्तविक 1657 साली कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांच्या आरमाराची सुरुवातीची जहाजं याच खाडीच्या मुलखात बांधली गेली. आजही शहरातल्या कोकणी मोहल्ल्यांत आणि काल्हेर, कशेळी, पूर्णा, अंजूर या बाजूच्या गावांत विचारपूस केली तर कुणाचा भाऊ जॉइनिंगची वाट पाहत बसलेला असतो, कुणाचा मुलगा सिंगापूरला साइन ऑन झालेला असतो. आम्ही त्यांच्यातलेच आहोत. बोसन, एबी, ऑइलर, फिटर, चीफ कुक आणि थोडे अधिकारी. आमच्यातले काही अजून दर्यावर आहेत, काही उतरले आहेत आणि बरेच जण उतरावं की नाही या घोळात आहेत. हे मागणीपत्र मुख्यतः त्या तिसऱ्या गटासाठी आहे.

आमची तक्रार थोडक्यात अशी, की जहाजावर काढलेली वर्षं जमिनीवर कुणी हिशेबात धरत नाही. पंधरा-वीस वर्षं इंजिन रूममध्ये वॉच केलेला माणूस माणकोलीच्या एखाद्या गोदामात अर्ज घेऊन जातो, तेव्हा 'अनुभव' या रकान्यात रेघ मारली जाते. तो सीडीसी, म्हणजे जहाजीची सेवापुस्तिका, पुढे करतो. त्या पुस्तिकेत ओळीओळीने जहाजाचं नाव, आयएमओ नंबर, टनेज, हुद्दा, कुठल्या बंदरात चढला, कुठल्या बंदरात उतरला आणि कॅप्टनचा शिक्का असतो. टेबलापलीकडचा मुलगा पानं उलटतो आणि विचारतो, "यात पगार कुठंय? रिलीव्हिंग लेटर कुठंय?" एका जागी तर आमच्या सदस्याला पासपोर्टऐवजी चुकून हे काय आणलं, असं विचारलं गेलं. मग त्याच्या वाट्याला वॉचमनची जागा येते, ठेकेदारामार्फत आणि बारा तासांची.

यावर नेहमीचं उत्तर आम्हाला पाठ आहे. "डॉलरमध्ये कमावलं, आता कशाला रडता?" कमावलं हे खरं आहे, पण पगार चालू असतो तो काँट्रॅक्ट चालू असेपर्यंत. रेटिंगला, म्हणजे अधिकारी नसलेल्या जहाजीला, उतरल्याच्या दिवसापासून सहसा काही मिळत नाही. पुढचं जॉइनिंग तीन महिन्यांनी येईल की दहा महिन्यांनी, हे एजंटलाही ठाऊक नसतं. त्या मधल्या महिन्यांत घरचा खर्च, बहिणीचं लग्न, आईचं ऑपरेशन आणि पुढच्या कोर्सची फी हे सगळं आधीच्या काँट्रॅक्टच्या शिल्लकीतून भागवावं लागतं. चाळिशी ओलांडल्यावर मेडिकलची धाकधूक सुरू होते. बहुतेकांचा दाखला दोन वर्षांपुरता असतो. साखर वाढली, रक्तदाब चढला किंवा कानाने दगा दिला, की एका दुपारी कारकीर्द संपते. तेव्हा हातात सीडीसी असते आणि दहावीची गुणपत्रिका असते. बस्स.

माणसं केवळ थकून उतरतात असंही नाही. 2020 च्या टाळेबंदीत आमचे लोक काँट्रॅक्ट संपून गेल्यावरही महिनोनमहिने जहाजावर अडकले. नोव्हेंबर 2023 पासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले. 26 मार्च 2024 ला डाली जहाजाच्या धडकेने बाल्टिमोरचा पूल पडला, तेव्हा जहाजावर जवळजवळ सगळे भारतीय होते आणि त्यांना कित्येक आठवडे जहाज सोडता आलं नाही. अशी प्रत्येक बातमी आली की इकडे एखाद्या घरात 'आता पुरे' असं ठरतं. मात्र पुरे झाल्यावर पुढे काय करायचं, याची सोय कुठेच नाही.

सरकारचं धोरण आम्ही वाचलं आहे. जगातल्या जहाजींत भारताचा वाटा सुमारे 12 टक्के आहे आणि तो 2030 पर्यंत 20 टक्क्यांवर न्यायचा आहे, असं 'मेरिटाइम इंडिया व्हिजन 2030' सांगतं. आम्हाला याचा आनंदच आहे. पण पाठवायचे किती याचं लक्ष्य ठरवताना परत येणाऱ्यांचा विचार कुणीतरी करायला हवा होता. आज जो विशीतला पोरगा सहा महिन्यांचा जीपी रेटिंगचा कोर्स करून निघतो, तो फार तर पन्नाशीपर्यंत दर्यावर राहील. पुढची वर्षं तो इथेच, याच रस्त्यांवर काढणार आहे.

तुलनाच करायची तर नौदलाशी करू. नौदलातून निवृत्त होणाऱ्या नाविकासाठी संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसन महासंचालनालय आहे. निवृत्तीआधीच त्याला अभ्यासक्रम करता येतात आणि गावी आल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं. आम्ही देशाची नोकरी केली नाही, खासगी कंपन्यांची केली, हे आम्हाला मान्य आहे. म्हणून माजी सैनिकांचं पेन्शन किंवा आरक्षण आम्ही मागत नाही. वाढवण बंदरात आणि जेएनपीएत जहाजींसाठी राखीव जागा मागाव्यात, असं आमच्या काही सदस्यांचं म्हणणं होतं. त्यावर बैठकीत बरीच वादावादी झाली आणि शेवटी ती मागणी वगळली. एक तर वाढवणच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा प्रश्न आधीचा आहे आणि आमच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे. दुसरं म्हणजे आमचं काम अंगणातच पडलेलं आहे. आमच्या शिक्क्याला जमिनीवर किंमत येईल, एवढंच हवं आहे.

मागणी 1 : समकक्षतेचा तक्ता

नौवहन महासंचालनालयाने राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेबरोबर, म्हणजे एनसीव्हीईटीबरोबर बसून एक तक्ता जाहीर करावा. जहाजावरचा कुठला हुद्दा आणि किती वर्षांची सेवा राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याच्या कुठल्या पातळीच्या बरोबरीची, हे त्यात असावं. एबी कुठे बसतो, इंजिन रेटिंग कुठे, फिटर कुठे, इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर कुठे, जहाजाचा कुक कुठे, हे एका कागदावर लिहून द्यावं. गोदामाच्या एचआरला समजेल अशा भाषेत तो असावा आणि मराठीतही असावा. आजवर कुठल्याही एचआरच्या टेबलावर असा कागद आमच्या पाहण्यात आलेला नाही.

हे काही आकाशातले तारे मागणं नव्हे. आराखडा 2013 पासून आहे. अनुभवातून आलेलं कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. 2023 च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याने कामाच्या अनुभवालाही शैक्षणिक क्रेडिट देण्याची वाट मोकळी केली आहे. जहाजींच्या प्रशिक्षणाबाबतच्या आंतरराष्ट्रीय एसटीसीडब्ल्यू करारानुसार मिळालेली आमची प्रमाणपत्रं जगातल्या बहुतेक सगळ्या बंदरांत चालतात. ती रॉटरडॅममध्ये चालतात आणि राहनाळमध्ये चालत नाहीत, हे कुणीतरी समजावून सांगावं.

याच मागणीचा एक भाग यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाशी बोलण्याचा आहे. आमच्यातले पुष्कळ जण दहावीवर निघाले. पदवी नाही म्हणून सुपरवायझरच्या जागेसाठी त्यांचा अर्जच घेतला जात नाही. सागरी सेवेला आणि प्रशिक्षणाला क्रेडिट मिळालं, तर तो माणूस उरलेली पदवी घरून, नोकरी सांभाळून पुरी करील. राज्य शासनाने मध्ये पडून हा करार घडवावा.

मागणी 2 : गोदामांतली आग आणि रसायनं

ही मागणी आमच्यासाठी जेवढी आहे, तेवढीच भिवंडीसाठीही आहे, म्हणून ती जरा सविस्तर मांडतो.

आमचा एक सदस्य, जुना बोसन, मध्यंतरी एका गोदामात माल मोजायच्या कामावर होता. पहिल्याच आठवड्यात एका रांगेपाशी येऊन तो थबकला. खाली निळे ड्रम होते, त्यांच्यावर लाल चौकोनी लेबल, ज्वालेचं चित्र आणि कोपऱ्यात 3 चा आकडा. म्हणजे पेट घेणारा द्रव. त्यांना टेकून पिवळ्या लेबलच्या गोण्यांची थप्पी होती, वर्तुळावर ज्वाला आणि 5.1 चा आकडा. म्हणजे ऑक्सिडायझर, आगीला प्राणवायू पुरवणारा माल. जहाजावर घातक माल आंतरराष्ट्रीय आयएमडीजी संहितेप्रमाणे नऊ वर्गांत विभागतात आणि कुठला वर्ग कुठल्या वर्गापासून किती दूर ठेवायचा, याचं कोष्टक असतं. हे दोन वर्ग असे अंगाला अंग लावून लोड झाले असते, तर चीफ ऑफिसरने जहाज धक्क्यावरून हलू दिलं नसतं. आमच्या माणसाने सुपरवायझरला सांगितलं. सुपरवायझर म्हणाला, "जागा कुठंय? उद्या गाडी लागेल, माल निघून जाईल." माल निघून गेला आणि काही झालं नाही. नेहमी काही होत नाहीच. जेव्हा होतं, तेव्हा धूर ठाण्यापर्यंत दिसतो.

गोदामांना आग लागणं भिवंडीत आता बातमीही राहिलेली नाही. गोदामं ज्या गावांत उभी राहिली, त्यांतली बरीच महापालिकेच्या हद्दीबाहेर, एमएमआरडीएच्या भिवंडी सभोवतालच्या अधिसूचित क्षेत्रातल्या 60 गावांत येतात. आग लागली की शहरातून, कल्याणहून, ठाण्याहून बंब निघतात आणि अंजूरफाट्याला किंवा माणकोलीला कंटेनरच्या रांगेत अडकतात. तोवर गोदामात जो माणूस हजर असतो, तोच पहिला बंबवाला. त्याला फायर एक्स्टिंग्विशरची पिन कशी काढायची तेही दाखवलेलं नसतं.

आम्हाला ते दाखवावं लागत नाही. जहाजावर पाय ठेवण्याआधी प्रत्येकाला, कुकलासुद्धा, अग्निप्रतिबंध व अग्निशमन, जीवरक्षण आणि प्रथमोपचार यांचं मूलभूत प्रशिक्षण सक्तीचं आहे. त्यानंतर जहाजावर प्रत्येक माणसाला महिन्यातून किमान एकदा आगीच्या आणि जहाज सोडण्याच्या सरावात उतरावं लागतं. बंद जागेत शिरण्याचा सराव दर दोन महिन्यांनी असतो. टाकीत उतरण्याआधी मीटरवर ऑक्सिजन 20.9 टक्के आहे की नाही हे पाहायचं, दाराशी एक माणूस उभा ठेवायचा आणि आतला पडला तरी मागोमाग उडी मारायची नाही, हे आमच्या हाडीमाशी भिनलेलं असतं. डाइंगच्या हौदात किंवा ड्रेनेजच्या चेंबरमध्ये एकामागे एक उतरून माणसं गुदमरल्याच्या बातम्या येतात, तेव्हा आमचा जीव तुटतो तो याचमुळे.

म्हणून आम्ही मागतो ते असं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणे गोदाममालकाने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. यंत्रणा चालवणारा माणूस आहे की नाही, हेही त्याच वेळी पाहिलं जावं. ज्या गोदामात रसायनं, रंग, अत्तरं, बॅटऱ्या किंवा कापसाच्या गाठी असतील, तिथे प्रत्येक पाळीत एक प्रशिक्षित सुरक्षा पर्यवेक्षक असलाच पाहिजे, असा आदेश जिल्हाधिकारी आणि एमएमआरडीए यांनी काढावा. त्या जागेसाठी एसटीसीडब्ल्यूचं अग्निशमन प्रशिक्षण आणि किमान पाच वर्षांची सागरी सेवा ही पुरेशी पात्रता धरावी. स्थानिक नियमांची ओळख करून देणारा पंधरा दिवसांचा जोड-अभ्यासक्रम राज्याच्या अग्निशमन यंत्रणेने घ्यावा, त्याला आम्ही आनंदाने बसू. जागा फक्त जहाजींनाच द्या असं आम्ही म्हणत नाही. अग्निशमन दलातून निवृत्त झालेला माणूस आमच्याइतकाच किंवा आमच्याहून अधिक लायक आहे.

जाता जाता आणखी एक गोष्ट. 29 एप्रिल 2023 ला वळ गावातली इमारत कोसळली. खाली गोदाम होतं आणि वर माणसं राहत होती. आठ जणांचा जीव गेला. ती का पडली हे सांगणं चौकशीचं काम आहे, आमचं नाही. पण जहाजाच्या प्रत्येक डेकला चौरस मीटरमागे किती टन पेलतं ते कागदावर असतं आणि लोडिंगच्या आधी ते पाहिलं जातं. मजली गोदामात प्रत्येक मजल्यावर अशी पाटी लावण्याची सक्ती करावी. या मागणीला पैसा लागत नाही, फक्त रंग आणि ब्रश लागतो.

मागणी 3 : बाष्पकं, रीफर आणि वर्कशॉप

भिवंडीत सायझिंग आणि डाइंगच्या कारखान्यांना बॉयलर आहेत. जहाजावरही बॉयलर असतो आणि त्याची देखभाल आमचे इंजिनवाले करतात. बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेला बसताना ही सेवा धरतात की नाही, याचं आमच्या सदस्यांना एका कार्यालयात दोन खिडक्यांवर दोन उत्तरं मिळाली. 2025 मध्ये बाष्पकांचा नवा कायदा आला आहे. त्याखालचे नियम लावताना सागरी बाष्पकावरची किती सेवा कशी मोजायची, हे लेखी आणि एकदाच ठरवावं.

रीफर, म्हणजे शीत कंटेनरचं काम आमचे इलेक्ट्रिशियन डोळे मिटून करतात. उणे 18 अंशांवर लावलेला कंटेनर रात्रीतून उणे 11 वर का आला, हे शोधताना मध्य समुद्रात त्यांना वर्कशॉपला फोन करायची सोय नसते. भिवंडीत आणि पडघ्याच्या बाजूला शीतगृहं वाढत आहेत. तिथल्या कंपन्यांनी आमच्या माणसांची प्रत्यक्ष कामावर चाचणी घ्यावी. कागद नंतर मागावा.

मागणी 4 : सेवेचा वाचता येईल असा दाखला

भरती करणाऱ्या परवानाधारक कंपन्यांनी, म्हणजे आरपीएसएलवाल्यांनी, प्रत्येक काँट्रॅक्टनंतर पंधरा दिवसांच्या आत विनामूल्य सविस्तर दाखला द्यावा. जहाजाचा प्रकार, कुठली यंत्रं हाताळली, हाताखाली किती माणसं होती, कुठला माल होता आणि पगार किती, हे त्यात असावं. नमुना महासंचालनालयाने ठरवून द्यावा. दाखल्यासाठी पैसे मागणाऱ्यांबद्दल इथे लिहीत नाही, त्याची वेगळी तक्रार करू.

मागणी 5 : परतीचा दरवाजा उघडा ठेवा

अधिकाऱ्याचं सक्षमता प्रमाणपत्र पाच वर्षांनी नूतनीकरणाला येतं. त्यासाठी मागच्या पाच वर्षांत बारा महिने किंवा अखेरच्या सहा महिन्यांत तीन महिने सागरी सेवा लागते. रेटिंगलाही मूलभूत प्रशिक्षणाची उजळणी पाच वर्षांनी करावी लागते. म्हणजे आज मुलांच्या शाळेसाठी उतरलेला माणूस पाच वर्षांनी परत जायचं म्हणेल, तर त्याला पुन्हा कोर्स, फी आणि खेटे यांतून जावं लागतं. या भीतीने कित्येक जण उतरतच नाहीत. वडील अंथरुणाला खिळलेले असतात आणि मुलगा पर्शियन आखातात असतो.

एसटीसीडब्ल्यू करारातच यावर उपाय आहे. सागरी सेवेच्या तोडीचं काम किनाऱ्यावर केलं असेल तर ते नूतनीकरणासाठी धरता येतं. ते कुठलं काम, हे ठरवण्याचा अधिकार त्या त्या देशाच्या प्रशासनाला आहे. कंटेनर फ्रेट स्टेशन, घातक मालाची साठवण, रीफरची दुरुस्ती, मालाची तपासणी यांसारख्या कामांचा हुद्द्यानुसार विचार करून महासंचालनालयाने यादी जाहीर करावी. सगळी कामं सगळ्यांना धरली जाणार नाहीत, हे आम्हाला कळतं. गोदामात बारकोड मारणाऱ्याला डेक ऑफिसरची सेवा मिळावी असं कुणीच म्हणत नाही. 1958 चा कायदा जाऊन 2025 मध्ये नवा व्यापारी नौवहन कायदा झाला आहे. नियम लिहिले जात असतानाच हे बसवलं, तर नंतर परिपत्रकांची ठिगळं लावावी लागणार नाहीत.

मागणी 6 : भविष्य निर्वाह निधीची सांधेजोड

ज्यांची सेवा नाविक भविष्य निर्वाह निधी अधिनियम, 1966 खाली भरली, त्यांची रक्कम त्यांना मिळते. पण किनाऱ्यावर ईपीएफ सुरू झाला की कर्मचारी पेन्शन योजनेची दहा वर्षं शून्यापासून मोजली जातात. पंचेचाळिशीत उतरलेला माणूस, ठेकेदार दरवर्षी बदलत असताना, 58 च्या आत दहा वर्षं कशीबशी भरील. बावन्नाव्या वर्षी उतरलेला भरूच शकत नाही. नाविक निधीखालची सेवा पेन्शनच्या पात्रतेसाठी धरावी. रक्कम वर्ग करा असं आम्ही म्हणत नाही, फक्त वर्षं धरा. राज्य शासनाने आणि महासंचालनालयाने तशी शिफारस केंद्रीय श्रम मंत्रालयाला करावी.

मागणी 7 : मेडिकल अनफिट

दर्यासाठी कायमचा अपात्र ठरलेला माणूस जमिनीवरच्या सगळ्या कामांना अपात्र नसतो. त्याच्या दाखल्यावर 'किनाऱ्यावरील कामास योग्य' असा शेरा, लागू असेल तिथे, डॉक्टरने द्यावा. आज तो नुसता 'अनफिट' शिक्का गोदामाच्या नोकरीतही आड येतो.

मागणी 8 : भिवंडीतच खिडकी

महिन्यातून एक दिवस प्रांत कार्यालयात शिबिर भरवावं. महास्वयम संकेतस्थळावर नोंदणी, ईपीएफचे प्रश्न, प्रमाणपत्रांचं नूतनीकरण आणि खोट्या एजंटांच्या तक्रारी या सगळ्यांसाठी माणसाला आज कांजूरमार्ग, ठाणे आणि बेलापूर अशा तीन दिशांना जावं लागतं.

गोदाममालकांना आणि लॉजिस्टिक कंपन्यांना दोन शब्द

आम्ही माथाडी कामगारांच्या पोटावर पाय द्यायला आलेलो नाही. 1969 च्या माथाडी कायद्याने हमालांना जे संरक्षण दिलं, त्याला धक्का लागेल अशी एकही गोष्ट आमच्या मागण्यांत नाही. भरणं-उतरवणं त्यांचं. आम्ही मागतो ती देखरेखीची, सुरक्षेची, यंत्रदुरुस्तीची आणि भटारखान्याची कामं. जहाजाचा कुक वीस-पंचवीस माणसांचं तीन वेळचं जेवण हलत्या स्वयंपाकघरात करतो, सामानाचा हिशेब ठेवतो आणि स्वच्छतेच्या तपासणीला सामोरा जातो. तुमच्या कँटीनच्या ठेकेदारांना आम्ही नावं ठेवत नाही, पण एकदा तुलना करून पाहा.

पाळी आठ तासांचीच हवी. सागरी श्रम कराराने जहाजावर चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती आणि आठवड्यात 77 तास ठरवून दिले आहेत आणि त्याची नोंद रोज लिहिली जाते. त्या नोंदी सगळ्याच जहाजांवर किती खऱ्या असतात, ते आम्हीच जाणतो. पण निदान वही असते, आणि बंदरातला तपासनीस ती मागू शकतो. तुमच्याकडे वहीच नाही. बारा तासांची पाळी संपवून रात्री फोर्कलिफ्ट चालवणारा माणूस रॅकला धडकला, तर दोष एकट्या ड्रायव्हरचा नसतो.

पगाराबद्दल उगाच आढेवेढे घेणार नाही. जहाजाचा पगार तुम्ही देऊ शकणार नाही, आणि तो आम्ही मागतही नाही. उतरायचं ठरवलेल्या माणसाने घरी बसून तो हिशेब आधीच केलेला असतो. पण पर्यवेक्षकाचं काम करून घेऊन मदतनिसाच्या नावाने पगार काढणं, ईएसआयची 21,000 रुपयांची मर्यादा बघून कागदावर आकडे फिरवणं आणि दर अकरा महिन्यांनी ठेकेदार बदलून माणसाला नवा दाखवणं हे बंद व्हावं.

आमच्या बाजूने

मागण्या एकतर्फी नसाव्यात म्हणून आम्ही काय करणार तेही नोंदवतो. उतरलेल्या आणि उतरू इच्छिणाऱ्या सदस्यांची हुद्दा व प्रशिक्षणवार यादी आम्ही ठेवतो आणि मागेल त्या कंपनीला, सदस्याची परवानगी घेऊन, देऊ. काल्हेर, पूर्णा, दापोडा, वळ आणि गुंदवली या गावांतल्या गोदामांत आगीचा सराव विनामूल्य करून दाखवायला आमचे सदस्य तयार आहेत. मालकाने फक्त दोन तास काम थांबवावं आणि माणसं बाहेर उभी करावीत. तरुण सदस्यांना पहिल्या काँट्रॅक्टपासून आयकराचं विवरणपत्र भरायला आम्ही लावतो आहोत, कर शून्य असला तरी. अनिवासी म्हणून विवरणपत्र न भरलेला माणूस उतरल्यावर घरकर्जासाठी बँकेत जातो, तेव्हा त्याच्याकडे दाखवायला उत्पन्नाचा एकही कागद नसतो. यात सरकारचा दोष नाही. वेळेवर सांगणारं कुणी नव्हतं.

या मागणीपत्रावर चर्चा करण्यासाठी साठ दिवसांच्या आत जिल्हाधिकारी कार्यालयात, ठाणे येथे संयुक्त बैठक बोलवावी. नौवहन महासंचालनालय, कौशल्य विभाग, एमएमआरडीए, महापालिकेचं अग्निशमन दल, कामगार उपायुक्त आणि गोदाममालकांचे प्रतिनिधी यांना तिचं पत्र जावं. माथाडी मंडळालाही बोलवावं. मागणी 2 वर आधी निर्णय व्हावा, कारण तिच्यासाठी दिल्लीकडे पाहावं लागत नाही. बैठकीचं इतिवृत्त मराठीत मिळावं आणि त्याची उर्दू प्रतही मिळावी. आमच्यातल्या बऱ्याच सदस्यांचं शिक्षण भिवंडीच्या उर्दू शाळांत झालं आहे. सध्या दर्यावर असलेले सदस्य बैठकीला येऊ शकणार नाहीत. त्यांचं म्हणणं लेखी स्वरूपात आम्ही सोबत आणू.

आपले,
अध्यक्ष, सचिव व सर्व सदस्य
भिवंडी परिसरातील जहाजी कामगार

प्रत माहितीसाठी : खासदार, भिवंडी लोकसभा मतदारसंघ, भिवंडी परिसरातील सर्व आमदार, संबंधित ग्रामपंचायतींचे सरपंच.